अर्थिंगच्या सहा तारा

मी डेंटर. गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकणं हा माझा धंदा. पण आमच्या रस्त्यावरची खरी ठोकाठोकी माझ्या दुकानात कधी होत नसे, ती शेजारच्या गाळ्यात होत असे. तो गाळा झटकाताईचा. गाड्यांची वायरिंग, बॅटरी, सेल्फ ही तिची कामं आणि गिऱ्हाइकाला मारणं हा तिचा स्वभाव. आईबापांनी तिचं नाव काही वेगळं ठेवलं होतं, पण ते आता तिलाही आठवायला वेळ लागायचा.

पन्नाशीची बाई. अंगात पुरुषी शर्ट, त्याला बॅटरीच्या ॲसिडने पडलेली भोकं. अंबाड्यात खोचलेला टेस्टर. कोपरापासून मनगटापर्यंत पांढरे डाग, तेही ॲसिडचेच. तिचा हात आधी चालायचा आणि तोंड नंतर. बॅटरीत नळाचं पाणी ओतून आणलेल्या एका गृहस्थाच्या तिने पहिल्यांदा कानाखाली वाजवली, मग त्याला स्टुलावर बसवून चहा पाजला आणि मग बॅटरीत कोणतं पाणी घालतात ते समजावलं. तो पुढे कायम तिच्याकडेच यायचा, फक्त हातभर लांब उभा राहायचा. मी एकदा तिच्या जंपर केबलचे चिमटे मोडून परत दिले, तर तिने पाना फेकून मारला. माझ्या भुवईत अजून खाच आहे. लोक म्हणतात, मनाने फार चांगली बाई. ज्यांना असं वाटतं त्यांनी तो पाना आधी खावा आणि मग बोलावं.

तरी गिऱ्हाईक तुटत नव्हतं, कारण एकच. झटकाताई मीटर लावून जे सांगेल ते खरं. बॅटरी चांगली असेल तर ती स्वतःच्या फायद्यावर पाणी सोडून सांगायची, "चांगली आहे, चालता हो."

तिचा एक भाऊ होता. आई लवकर गेली, मग बाप गेला, आणि दुकान आणि भाऊ दोन्ही एकदमच तिच्या गळ्यात पडले. आम्ही तेव्हा त्यांच्या समोरच्या चाळीत राहायचो, म्हणून हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय. पोरगं महाव्रात्य. कोणाच्या काचा फोडायचा, कोणाच्या सायकलची हवा सोडायचा. तक्रार घेऊन कोणी दारात आलं की झटकाताई त्याला बाहेर ओढायची आणि सगळ्यांसमोर असा बडवायची, की आवाजाने कबुतरं उडायची. पोरगंही असं बोंबलायचं, की तक्रार करणाराच मध्ये पडायचा. शेवटी तोच तिचा हात धरायचा. "अगं सोड, मरेल ना लेकरू!" मग ती हात झटकून आत जायची आणि दार लावून घ्यायची.

दाराआड काय चालायचं ते मला आमच्या खिडकीतून दिसायचं. दोघं पोट धरून हसायची. मारताना ती तळहात खोलगट करायची, त्यामुळे आवाज मोठा निघायचा आणि लागायचं काहीच नाही. बाहेर आणताना त्याच्या मानेवर ती अंगठा दाबायची. त्याचा अर्थ, आता मार येतोय, बोंब मार. दुसऱ्याने मारण्याआधी आपण मारायचं, म्हणजे दुसऱ्याचा हात उठत नाही. पोर वाढवायची ही तिची पद्धत होती आणि तिच्या जागी मला दुसरी कुठली सुचली नसती.

पोरगं मोठं झालं. ताईच्या हाताखाली वायरिंग शिकलं, पण त्याचा जीव वायरिंगमध्ये नव्हता, चकचकाटात होता. लग्न झाल्यावर त्याने रस्त्यापलीकडे स्वतःचं दुकान टाकलं. रंगीत दिवे, चामड्याची स्टिअरिंग कव्हरं, गाणारे हॉर्न. दिवसाही त्या दुकानाकडे बघवत नसे. लोकांनी त्याचं नाव ठेवलं झगमग. ताई दिवसातून चार वेळा त्याला रस्त्यापलीकडून शिवी हासडायची आणि दुपारचा डबा त्याच्याशिवाय उघडायची नाही.

मग झगमगने अर्थिंगच्या तारा आणल्या.

डबा उघडला की आत सहा तारा. निळ्या, लाल, बोटाएवढ्या जाड, टोकांना सोनेरी टोप्या. बॅटरीच्या मायनसपासून इंजिनला, इंजिनपासून बॉडीला अशा त्या जोडायच्या. झगमग सांगायचा, "जास्तीची अर्थिंग दिली की गाडीला पिकअप येतो, पेट्रोल वाचतं, दिवे लख्ख लागतात." बॉनेट उघडल्यावर तारा दिसायच्याही झोकात. तरुण पोरांची रीघ लागली. गाडी घेऊन जाताना प्रत्येक जण रस्त्याच्या टोकापर्यंत जोरात पळवायचा आणि तिथून अंगठा वर करून दाखवायचा.

झटकाताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने त्यातली एक तार मागवली, ब्लेडने सोलली आणि मला दाखवली. वर जाडजूड प्लास्टिक आणि आत तांब्याचे चार केस. "हे बघ," ती म्हणाली. "आणि खरं तांबं असतं तरी काय मोठं झालं असतं? बॅटरीतून करंट निघतो, तो बॅटरीत परत यायला लागतो. यायचा रस्ता म्हणजे अर्थिंग. कंपनीने तो रस्ता दिलेला आहे, रुंद आहे, मोकळा आहे. त्याच्या बाजूला अजून सहा पायवाटा काढल्या म्हणून करंट काय नाचत येणार आहे?"

"पण लोकांना फरक जाणवतो ना," मी म्हणालो.

"मूळची तार गंजली असेल तर फरक पडेलच. मग ती तार घास, घट्ट कर. नाहीतर फरक फक्त ह्यांच्या पायाला पडतो. नवीन तारा लावल्या की पाय आपोआप जड होतो मेल्यांचा."

ती नुसती बोलून थांबली असती तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर तिच्याकडे बॅटरीचं पाणी बघायला आला आणि पाऊण तास झगमगच्या तारांचं कौतुक करत बसला. तिने शांतपणे पाणी भरलं, मास्तर चहा पीत होता तेवढ्यात सहाच्या सहा तारा सोडवल्या आणि खिशात घातल्या. "जा, एक चक्कर मारून ये," ती म्हणाली. मास्तर चक्कर मारून आला तो फुलून. "ताई, काय जीव आणलाय हो त्या तारांनी! आज तर नेहमीपेक्षा जास्त पळतेय!"

झटकाताईने खिशातून तारांचा झुबका काढला आणि सटकन त्याच्या तोंडावर मारला. मास्तरच्या गालावर सोनेरी टोपीचा ओरखडा उठला. सगळा रस्ता खो खो हसला. लोकांना गाडी शिकवणारा माणूस! मीही हसलो, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

झगमग हसला नाही. तो रस्ता ओलांडून आला आणि त्याने बहिणीचा अंबाडाच धरला. मी जन्मात पहिल्यांदा त्याला तिच्यावर हात टाकताना पाहिलं. तिने त्याच्या पोटात कोपर घातलं. त्याने तिला बॅटऱ्यांच्या घडवंचीवर ढकललं, तशी तिने हाताला लागली ती काचेची नळी, बॅटरीचं पाणी तपासायची, त्याच्यावर फेकली. नळी त्याच्या खांद्यावर फुटली आणि ॲसिड मानेवर उडालं. तो ओरडला आणि त्याने लाथ मारली. मी मध्ये पडलो, तर माझा दात हलला, कोणाच्या हाताने ते आजही ठाऊक नाही. शेवटी मी बादलीभर पाणी दोघांच्या अंगावर ओतलं.

झगमग मान धरून मागे मागे जात होता. "कंपनीची तार बसलेली असते म्हणून माझ्या तारांना काम मिळत नाही!" तो ओरडला. "आता तीच काढून टाकतो. मग बघ फरक पडतो की नाही!"

ताई घडवंचीला टेकून, ओठाचं रक्त पुसत, हसत होती. तिने ते ऐकलं नाही. मी ऐकलं, पण मला वायरिंगमधलं काय कळतं? मला वाटलं, रागाने काहीतरी बरळतोय.

तो बरळत नव्हता. दुसऱ्या दिवसापासून त्याने तेच सुरू केलं. इंजिनपासून बॉडीला जाणारी कंपनीची काळी, विणलेली पट्टी तो सोडवायचा आणि तिच्याच बोल्टवर आपल्या रंगीत तारा कसायचा. ज्यातून करंट जात नाही तो बॉडीवरचा रंगसुद्धा खरवडायचा नाही, चकचकीत दिसायला हवं म्हणून. बहिणीला खोटं पाडायच्या नादात, तिनेच शिकवलेलं तो विसरला.

गॉगलवाला त्याचं जुनं गिऱ्हाईक, त्यानेही या तारा बसवून घेतल्या होत्या. जुनी गाडी, पण जिवापाड जपलेली. एका सकाळी ती चालू होईना, म्हणून त्याने सेल्फ मारमार मारला. बायको फाटक उघडायला पुढे उभी होती. गाडी चालू झाली, त्याने पहिला गिअर टाकला, अ‍ॅक्सिलरेटरवर जरासा पाय ठेवला, आणि गाडीने उडी मारली. त्याने पाय उचलला तरी इंजिन ओरडतच होतं. बायको फाटकाच्या खांबावर चिरडली. जीव वाचला, पण पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

गाडी माझ्याकडे आली. पुढचा भाग चेपून आत गेलेला, बंपरवर वाळलेलं रक्त. मी पहार घालून बॉनेट उघडतोय तोवर गॉगलवाला आला. गॉगल नव्हता. डोळे सुजलेले, आणि एका डोळ्याखाली काळंनिळं. सोबत त्याचे दोन मेव्हणे, बायकोचे सख्खे भाऊ. ते काळंनिळं त्यांनीच केलेलं होतं.

"हा म्हणतो याने पाय उचलला होता," थोरला मेव्हणा म्हणाला. "म्हणे तारांची भानगड आहे. खोटं बोलत असेल तर याला इथेच संपवतो. खरं बोलत असेल तर तो तारवाला कुठंय?"

धाकट्याने माझ्या भिंतीवरचा मोठा हातोडा काढून घेतला. माझा हातोडा, माझं दुकान, आणि मी पहार धरून तसाच उभा राहिलो. ते रस्ता ओलांडून गेले आणि त्यांनी झगमगला त्याच्याच दिव्यांच्या माळेतून फरफटत आणलं. काचा फुटल्या. त्याची बायको किंचाळत मागे धावली, तिला कोणीतरी धरलं. माझ्या दारात गर्दी जमली आणि गर्दीतूनच कोणीतरी म्हणालं, "झटकाताईला बोलवा. ती मीटर लावून सांगेल."

ती आली. तिने कोणाकडे पाहिलं नाही, भावाकडेही नाही. सरळ बॉनेटमध्ये वाकली.

ती मान वर करेपर्यंत फार वेळ गेला असं मला वाटलं. मी पाहिलं ते तिनेही पाहिलं असणार. काळ्या पट्टीची जागा रिकामी होती. अपघातात सगळ्या तारा ओढल्या गेल्या होत्या. धक्क्याने पट्टीही तुटून पडली असं ती म्हणाली असती तर कोणाला कळणार होतं? मी मनातून ओरडत होतो, बाई, आयुष्यात एकदा खोटं बोल. तुझ्या पाया पडतो.

तिने मीटरची एक पिन इंजिनला लावली, दुसरी बॅटरीच्या मायनसला. गॉगलवाल्याला म्हणाली, "मार सेल्फ." काटा उडाला. तिथे तो हलायलासुद्धा नको होता. अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून धूर निघाला आणि जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. मग तिने माझ्याकडून तिची जंपर केबल, चिमट्यांची ती जाड तार, मागवली, बॅटरीचा मायनस आणि इंजिन जोडलं. "आता मार." काटा जागचा हलला नाही आणि धूरही आला नाही. सगळ्या रस्त्याला त्या दिवशी कळलं, की जास्तीच्या तारेने कधी फरक पडतो. मूळची नसते तेव्हा.

"करंटला परत यायला धड रस्ता ठेवला नाही," ती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. "म्हणून तो केबलमधून आला. केबल तापली, आतून वितळली, अडकली." ती गॉगलवाल्याकडे वळली. "तुझा पाय नव्हता, बाबा. तू उचलला होतास."

गॉगलवाला दारातल्या चिखलात बसला आणि मोठ्याने रडायला लागला.

"मग कोणाची चूक?" थोरल्याने विचारलं.

"ह्याची."

तिने बोट केलं. थोरल्याने धाकट्याच्या हातून हातोडा घेतला. "बहिणीचा एक पाय गेलाय. ह्याचे दोन्ही हात घेतो."

"थांब," झटकाताई म्हणाली. "मी वाढवलाय. मीच मोडते."

तिने भावाला गचांडी धरून माझ्या ऐरणीजवळ ओढलं. मी अगदी जवळ होतो. मला तिचा अंगठा त्याच्या मानेवर, ॲसिडच्या व्रणाशेजारी दाबला जाताना दिसला. आणि त्या थोराड माणसाने, दोन मुलांच्या बापाने, तिचा हात पडायच्या आत लहानपणीसारखी बोंब ठोकली. फाट! फाट! आवाजाने पत्रे वाजले. गर्दी चुकचुकली. माझा जीव भांड्यात पडला.

"पोकळ हात मारतेस," थोरला मेव्हणा म्हणाला. तो ओरडला नाही. "आम्हीपण बहीणभावंडंच आहोत, बाई. आमची ताईपण असंच मारायची आम्हाला."

झटकाताई थांबली. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग हातोड्याकडे. तो हातोडा मी रोज वापरतो. त्याने हात मोडत नाही, त्याचा चुरा होतो. तिने माझ्या कट्ट्यावरचा लांब पाना उचलला, झगमगचं उजवं मनगट ऐरणीवर ठेवलं, आणि दुसऱ्या हाताने त्याची मान धरली. अंगठा पुन्हा दाबला. तो पुन्हा बोंबलला, त्याला वाटलं हेही तसंच आहे.

पाना खाली आला. तो आवाज मोठा नव्हता, सुकी काटकी मोडावी एवढाच. झगमगची बोंब मध्येच तुटली. तो नुसता बहिणीकडे बघत राहिला. तिने पाना पुन्हा उचलला, तिचं तोंड वेडंवाकडं झालं होतं, आणि ती खरोखर पुन्हा मारणार होती. गॉगलवाल्याने चिखलातून उठून तिचा हात धरला.

"बास, ताई. बास. मरेल तो."

थोरल्याने हातोडा खाली टाकला. ते तिघे गेले. पोलीस आले, विचारून गेले. गर्दीतल्या प्रत्येकाने सांगितलं की मनगटावर ऐरण पडली. झटकाताई मागच्या बाजूला जाऊन ओकत होती.

मनगट सांधलं, पण वाकडं. बोटं मिटत नव्हती. अंगठा तेवढा शाबूत राहिला. झगमगने बहिणीचं नाव टाकलं. त्याची बायको रस्त्यात उभी राहून ताईच्या गाळ्याच्या दिशेने थुंकायची. दुपारी ताईचा डबा घडवंचीवर तसाच पडून असायचा, झाकण न उघडलेला.

आणि तिचा हात उठेनासा झाला. लोकांना आधी गंमत वाटली. नळाचं पाणी घातलेल्या बॅटऱ्या मुद्दाम यायला लागल्या. ती मान खाली घालून काम करायची. मला ते बघवेना. मी तिच्या जंपर केबलचे चिमटे स्वतःच्या हाताने मोडले आणि तिच्यासमोर नेऊन आदळले. "ठेव तिथे," ती म्हणाली. मी घरी गेलो आणि विनाकारण बायकोवर खेकसलो.

झगमगचं दुकान पुन्हा उघडलं तेव्हा तारांचे डबे गायब होते. एका पोराने विचारलं, तर मी रस्त्यापलीकडून ऐकलं. "समोर जा," झगमग म्हणत होता. "आधी मीटर लावून घे. मूळची तार गंजली असेल तर ती घासून देईल. चांगली असेल तर सहा काय, साठ लाव, घंटा फरक पडत नाही." ताईनेही ते ऐकलं असणार. तिच्या हातातला काचपेपर थांबला, आणि मग पुन्हा चालू झाला.

त्यानंतर एका दुपारी ती अशीच एका बॉनेटमध्ये वाकून अर्थिंगची जागा घासत होती. झगमग रस्ता ओलांडून आला. ती दचकली नाही, कारण तिला तो दिसलाच नाही. तो तिच्या मागे उभा राहिला. मी पत्रा ठोकायचा थांबलो. तिने मोडलेलं ते वाकडं मनगट त्याने वर उचललं, तेव्हा मी खरंच हातोडा टाकून उठलो. मला वाटलं, आज हा तिला सोडत नाही.

त्याने अंगठा तिच्या मानेवर ठेवला आणि दाबला.

ती तशीच वाकलेली राहिली. मग झटकाताईने बोंब ठोकली. बापाच्या मयतालाही जिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ती बाई बॉनेटमध्ये तोंड घालून अशी बोंबलली की दुकानादुकानांतून लोक धावत बाहेर आले आणि विचारायला लागले, कोणी मारलं, कोणी मारलं हिला?